पिजदुऱ्याच्या रानात डायनासोरची विष्ठा कशी ओळखावी

चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याकडे पिजदुरा नावाचं गाव आहे. तिथल्या शेतांतल्या लाल मातीत डायनासोरची हाडं सापडतात आणि दगड झालेली विष्ठाही. ही माती लॅमेटा थराची. हे नाव जबलपूरजवळच्या नर्मदेवरच्या घाटावरून पडलं.

आधी थर ओळखा. विदर्भात सगळीकडे दिसणारा काळा पाषाण हा साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. लॅमेटा त्याच्या खाली असतो, म्हणजे त्याआधीचा. टेकडीच्या उतारावर काळा दगड संपून खाली पांढुरकी वालुकामय चुनखडी किंवा लाल-हिरवट चिकणमाती लागली, तर तिथे थांबा. काळ्या दगडात हाडं शोधत बसू नका.

रानात पीक उभं असेल तर जाऊ नका. रान मोकळं झालं, की शेतमालकाला विचारून, सकाळच्या तिरप्या उन्हात खाली बघत सावकाश चाला. खणायची गरज नाही, नांगरटीत वस्तू आपोआप वर येतात.

खरी पंचाईत चुनखडीच्या गोळ्यांची. तेही तपकिरी, तेही गोलसर. विष्ठेचा गोळा बहुधा एका टोकाला निमुळता असतो आणि अंगावर वळ्या, घड्या, वाळताना पडलेल्या बारीक भेगा दिसतात. शंका असलेल्या खड्याच्या टवक्यावर विरळ आम्लाचा थेंब टाका. जोरात फसफसला तर बहुधा चुनखडी. पण जीवाश्माच्या भेगांतही चुना शिरलेला असतो, तेव्हा एवढ्यावरच निकाल देऊ नका. हाड असेल तर तुटलेल्या कडेला भिंगाखाली स्पंजासारखी जाळी दिसते. हाड जिभेला चिकटतं, ही जुनी युक्ती खरी आहे. पण पिजदुऱ्यात जीभ काढण्यापूर्वी हातात नेमकं काय आहे ते बघा!

सापडलेली वस्तू खिशात घालू नका. शेजारी नाणं ठेवून फोटो घ्या, जीपीएसवरची जागा आणि मातीचा रंग लिहा, आणि नागपूरच्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयाला कळवा. कुठल्या थरातली हे माहीत नसलेली वस्तू शोभेपुरतीच उरते. इथल्याच विष्ठेत गवताच्या पेशींतले सिलिकाचे सूक्ष्म कण सापडले आणि 2005 साली जगाला कळलं, की डायनासोर असतानाही गवत होतं, त्यात भाताच्या कुळाशी नातं सांगणारंही.