मासा साफ करता करता अवयवांची कामे कशी ओळखावीत

मासळी बाजारात गेलेला माणूस शरीररचनेची एक तपासणी करतोच. कल्ल्यावरचे झाकण बोटाने उचलायचे, आत लालभडक आहे का बघायचे, मग भाव विचारायचा. पण ते लाल का असते, हा प्रश्न बहुधा बाजारातच राहतो. घरी येईपर्यंत माशाच्या तुकड्या झालेल्या असतात आणि पाहण्यासारखे बरेचसे कोळणीच्या टोपलीत पडलेले असते.

एका रविवारी तो मासा अख्खा घरी आणा. अवयवाचे काम पुस्तकातून पाठ करणे वेगळे आणि त्याच्या आकारावरून, जागेवरून, जोडणीवरून ते आपण ओळखणे वेगळे. दुसऱ्या वाटेने शिकलेले मूल विसरत नाही, हे मी स्वयंपाकघरात अनेकदा पाहिले आहे.

काय आणावे

किलोभराचा एक रोहू आणि एक बांगडा. रोहू यासाठी की त्याचे अवयव मोठे, सुटे आणि सहज दिसणारे असतात, बांगडा तुलनेसाठी. विकणाऱ्याला स्पष्ट सांगा, "खवले काढू नका, पोट काढू नका, अख्खाच द्या." घरात टोकदार कात्री, मोठे ताट, पाण्याचा पारदर्शक वाडगा, भिंग, दोऱ्याची गुंडी, वही आणि पेन्सिल एवढे पुरे. मासा नंतर खायचा आहे, म्हणून बर्फावर ठेवा आणि सगळे अर्ध्या-पाऊण तासात उरका. कापण्याचे काम मोठ्यांनी करावे, पाहण्याचे आणि चित्र काढण्याचे मुलांनी.

वहीत प्रत्येक अवयवासमोर चार प्रश्न लिहा: हा कसा दिसतो? कुठे आहे? कशाला जोडलेला आहे? आणि हा नसता तर काय अडले असते? आधी स्वतःचा अंदाज लिहायचा, उत्तर नंतर पाहायचे. हा क्रम मोडू नका.

आधी नुसते बाहेरून

बांगड्याची पाठ निळसर हिरवी आणि पोट चांदीसारखे. त्याला पाठीच्या बाजूने, वरून पाहा: खालच्या गडद पाण्यात असा रंग मिसळून जातो. आता डोक्यावर धरून पोटाकडून पाहा: उजळ आभाळाकडे पाहणाऱ्या खालच्या शिकाऱ्याला ते पोट सहज दिसत नाही. शेपटी खोल दुभंगलेली, तिच्या मुळाशी शरीर एकदम बारीक. ही सतत वेगाने पोहणाऱ्याची खूण. शेपटीच्या आधी वर-खाली पाच-पाच चिमुकले पर दिसतील, तेही मोजून घ्या.

रोहूवर बोट डोक्याकडून शेपटीकडे फिरवा, मग उलटे फिरवा. एकीकडे गुळगुळीत, दुसरीकडे अडते. खवले कौलांसारखे एकावर एक बसलेले आहेत आणि मोकळी कड मागे आहे. पावसाचे पाणी कौलांवरून जसे निसटते तसे पोहताना पाणी यांच्यावरून निसटते, आणि अंग वाकवायलाही मोकळीक राहते. चिलखत एकसंध असते तर रोहू शेपूट हलवू शकला नसता.

आता एक खवला उपटून भिंगाखाली धरा. झाडाच्या खोडासारखी वलये दिसतील, कारण मासा वाढतो तसा खवलाही वाढतो. मग अंगाच्या मध्यातून कल्ल्यापासून शेपटीपर्यंत जाणारी बारीक ठिपक्यांची रेघ शोधा. त्या रेघेवरचा एक खवला काढून उजेडात धरा. त्यात आरपार नळी दिसेल, शेजारच्या खवल्यात ती नसेल. ही पार्श्वरेखा. या नळ्यांच्या आत पाण्याची हालचाल टिपणाऱ्या पेशी असतात. गढूळ पाण्यात डोळे निरुपयोगी ठरले तरी शेजारून काय गेले, भिंत किती जवळ आहे, हे माशाला कळते. आपल्याकडे या इंद्रियाला जोड नाही, म्हणून मुलांचा अंदाज इथे हमखास चुकतो. चुकू द्या, खवल्यातले भोक त्यांनी स्वतः पाहिलेले असते.

कल्ले: इथे घाई करू नका

कल्ल्यावरचे झाकण कात्रीने कापून बाजूला करा. आत एकामागे एक चार कमानी दिसतील, दुसऱ्या बाजूलाही चार. एक कमान दोन्ही टोकांना कापून अलगद बाहेर काढा. बाहेरच्या बाजूला लाल, मऊ, कंगव्याच्या दातांसारखे तंतू, आतल्या बाजूला पांढरट दाते. एकाच हाडावर दोन अगदी वेगळ्या गोष्टी. म्हणजे कामेही दोन असणार.

ती कमान पाण्याच्या वाडग्यात सोडा. तंतू फुलासारखे उमलतात आणि प्रत्येक वेगळा दिसतो. आता वर उचला. सगळे एकमेकांना चिकटून लगदा होतो. हा सगळ्या लेखातला माझा सर्वांत आवडता प्रयोग आहे. लिटरभर हवेत सुमारे 210 मिलिलिटर ऑक्सिजन असतो, तर लिटरभर कोमट गोड्या पाण्यात जेमतेम 6 मिलिलिटरच्या आसपास. तरीही मासा पाण्यात जगतो आणि हवेत तडफडून मरतो. का, ते वाडग्याने दाखवले: पाण्याचा आधार गेला की तंतू एकमेकांवर पडतात आणि ऑक्सिजन घेणारा पृष्ठभागच नाहीसा होतो.

भिंगातून एका तंतूवर आडव्या, अतिशय बारीक पापुद्र्यांच्या रांगा दिसतात. त्यांच्यातून रक्त वाहते आणि पापुद्रा इतका पातळ असतो की रक्ताचा रंग आरपार दिसतो. बाजारात आपण पाहतो तो लाल रंग हाच. रक्त पाण्याच्या प्रवाहाच्या उलट दिशेने वाहते, हे त्यातले खरे कौशल्य. पापुद्र्यातून बाहेर पडणाऱ्या, बराच ऑक्सिजन मिळालेल्या रक्ताला शेवटी सर्वांत ताजे पाणी भेटते. म्हणून वाटेत प्रत्येक ठिकाणी पाण्यात रक्तापेक्षा थोडा जास्तच ऑक्सिजन असतो आणि देवाणघेवाण कुठेच थांबत नाही. दोन्ही एकाच दिशेने वाहिले असते तर अर्ध्या वाटेत दोघांचे प्रमाण सारखे झाले असते आणि उरलेला ऑक्सिजन पाण्याबरोबर वाहून गेला असता.

आता ते पांढरट दाते. बांगड्याचे तोंड उघडून घशात पाहा: तिथे हेच दाते लांब, पिसांसारखे झालेले दिसतील. बांगडा पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खातो आणि ही त्याची गाळणी. पाणी कल्ल्यांतून बाहेर, अन्न घशात. श्वास आणि जेवण एकाच कमानीवर.

पोट उघडणे

शेपटीकडच्या गुदद्वारात कात्रीचे टोक जेमतेम घाला आणि पोटाच्या मधोमध कल्ल्यांकडे कापत जा. टोक वर, कातडीकडे उचललेले ठेवा. खाली दाबले तर आतडे फुटते. मग एका बाजूची पोटाची भिंत कापून दार उघडल्यासारखी बाजूला करा. लगेच काही ओढू नका. आधी आहे तसे चित्र काढा, कारण जागा हा अर्धा पुरावा आहे आणि अवयव बाहेर काढला की तो पुरावा जातो.

कल्ल्यांच्या अगदी मागे, खालच्या बाजूला लहानसे, गडद लाल हृदय सापडेल. माशाचे हृदय दोन कप्प्यांचे: रक्त आत घेणारे एक अलिंद, रक्त पुढे ढकलणारे एक निलय. ते कल्ल्यांना इतके खेटून का? कारण हृदयातून निघालेले रक्त आधी कल्ल्यांत जाते, तिथून थेट सगळ्या शरीराला. आपल्यासारखे फुप्फुसांतून परत हृदयात येत नाही.

यकृताजवळ हिरवट काळी पिशवी दिसेल, तिला धक्का लावू नका. ते पित्ताशय. फुटले तर मासा कडू होतो, हे प्रत्येक स्वयंपाकघराला ठाऊक आहे. त्यातले पित्त स्निग्ध पदार्थांचे बारीक थेंब करून ते पचायला मदत करते. इथे एक कळकळीची सूचना: रोहूसारख्या माशांचे कच्चे पित्त औषध म्हणून गिळल्याने माणसांची मूत्रपिंडे निकामी झाल्याच्या घटना भारतात नोंदल्या गेल्या आहेत. मधुमेहावर उपाय म्हणून कुणी सुचवले तरी घेऊ नका. पिशवी अखंड काढा आणि फेकून द्या.

मग आतडे. रोहूला खरे जठर नसते. आतड्याची वेटोळी हळूहळू सोडवा, त्याच्या बाजूने दोरा धरा आणि तो दोरा माशाच्या लांबीशी ताडून पाहा. कितीतरी पट भरतो. रोहूच्या जबड्यात दातही नाहीत. दात आहेत ते घशात, बोट घातले तर लागतात. दोन्ही पुरावे एकाच दिशेला बोट दाखवतात: हा वनस्पती आणि कुजके अन्न घशात रगडून खाणारा आहे, आणि तसे अन्न पचायला लांब वाट लागते. पुढच्या खेपेला सुरमई आणाल तेव्हा तिचे सुरीसारखे दात आणि आखूड आतडे पाहून हा अंदाज तपासा. बोंबलाचे आत वळलेले आकड्यासारखे दातही बघा, धरलेला मासा निसटू न देणारे. एका माशावरून अंदाज बांधता येतो. दुसऱ्या माशाशी ताडल्याशिवाय तो पक्का मानू नये.

पावसाळ्याच्या सुमारास आणलेल्या मादीत पोटभर गाबोळी निघेल. रोहू अंडी लाखांनी घालते आणि सोडून देते. बहुतेक पिल्ले जगत नाहीत, म्हणून संख्या एवढी.

फुगा आणि त्याने दिलेला धडा

सगळे बाजूला सारल्यावर कण्याखाली मधे आवळलेला, दोन भागांचा पांढरा चकचकीत फुगा दिसेल. हे वाताशय. अख्खे काढता आले तर वाडग्यात सोडा. तरंगते. बोटाने पाण्यात दाबून त्याचा जोर अनुभवा. स्नायू आणि हाडे पाण्यापेक्षा जड, त्यांचा भार हा फुगा पेलतो आणि मासा एका खोलीवर फारसे न पोहता राहू शकतो. मोरीला, म्हणजे छोट्या शार्कला, हा फुगा नसतो. तिच्या पोटात त्याऐवजी तेलाने भरलेले मोठे यकृत निघते. काम तेच, अवयव वेगळा.

पण इथे थांबलो तर अर्धवट उत्तर होईल. रोहूच्या वाताशयाच्या पुढच्या टोकापासून आतल्या कानापर्यंत इवल्या हाडांची साखळी असते. एर्न्स्ट वेबर या जर्मन शास्त्रज्ञाने 1820 मध्ये तिचे वर्णन केले. आवाजाने फुगा थरथरतो, हाडे ती थरथर कानापर्यंत नेतात. आणि घोळ मासा? घोळीच्या कुळातले मासे वाताशयावर स्नायू आपटून आवाज काढतात. पालघरच्या किनाऱ्यावर घोळीच्या बोताला सोन्याचा भाव येतो, तो बोत म्हणजे हाच फुगा. तरंगणे, ऐकणे, बोलणे: एका अवयवाची तीन कामे.

डार्विनने 1859 मध्ये वाताशयापासून फुप्फुसे झाली असे लिहिले होते. आज उलटे मानले जाते: आदिम माशांना फुप्फुसे आधी होती आणि पुढे त्यांचे वाताशय झाले. म्हणून वहीत "याचे काम अमुक" असे लिहू नका. "याचे एक काम अमुक" असे लिहा.

फुगा काढल्यावर कण्याला चिकटलेली काळपट लाल पट्टी उरते. बहुतेक लोक ती गोठलेले रक्त समजून खरवडतात. ते मूत्रपिंड आहे. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात पाणी सतत शिरत राहते, ते बाहेर टाकायला पातळ मूत्र भरपूर तयार करावे लागते. समुद्रातल्या बांगड्याची अडचण उलटी: पाणी अंगातून निसटते, म्हणून तो समुद्राचे पाणी पितो आणि जास्तीचे मीठ कल्ल्यांवाटे टाकतो.

उरलेले ताटात

आता मासा धुऊन शिजवा, हात साबणाने धुवा. जेवताना दोन गोष्टी राहिल्या आहेत. बांगड्याची कातडी बाजूला केली की पांढऱ्या मांसात कडेने गडद तपकिरी पट्टा लागतो. तो दिवसभर न थकता पोहण्याचा स्नायू, ऑक्सिजन साठवणाऱ्या द्रव्यामुळे गडद झालेला. भोवतीचे पांढरे मांस अचानक झेप घेण्यासाठी. रोहूच्या तुकडीत हा पट्टा बांगड्याइतका ठळक नसतो, शेजारी ठेवून पाहा.

आणि डोक्याच्या तुकडीतून डोळा काढा. आत वाटाण्यासारखी गोल, पांढरी गोळी निघेल. कच्ची असताना हीच काचेसारखी पारदर्शक होती; उकडल्यावर अंड्याच्या बलकाभोवतीचा भाग जसा पांढरा होतो, तशीच हीही झाली. आपल्या डोळ्यातले भिंग मसुरीसारखे चपटे, माशाचे मात्र पूर्ण गोल. विहिरीत डोळे उघडले की आपल्याला धूसर दिसते, कारण डोळ्याच्या बाहेरच्या पारदर्शक पडद्याचे प्रकाश वळवण्याचे काम पाण्यात जवळजवळ थांबते. माशाच्या डोळ्यात ते सगळे काम ही एकटी गोळी करते. ती धुऊन, पुसून, वहीत रोहूच्या खवल्याशेजारी चिकटवून ठेवा.