सायकलवाल्याला गाडीनं उडवलं तर? भरपाई बुडवणाऱ्या या चुका टाळा

दवाखान्यात डॉक्टर विचारतात, "कसं लागलं?" आणि सायकलवाला हमखास म्हणतो, "पडलो." पोलिसांचं लचांड नको असतं. शिवाय गाडीवाल्यानंच रिक्षात घालून आणलेलं असतं, तो शेजारीच उभा असतो, त्याच्या देखत कसं बोलायचं? केसपेपरवर ‘सायकलवरून पडून दुखापत’ अशी ओळ उमटते. दोन वर्षांनी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात विमा कंपनीचा वकील तीच ओळ मोठ्यानं वाचतो. अपघाताच्या दाव्यांचे कागद मी बरीच वर्षं हाताळतोय. माझा अनुभव असा, की पैसे कोर्टात कमी आणि अपघातानंतरच्या पहिल्या आठवड्यात जास्त बुडतात.

तेव्हा डॉक्टरांना खरं तेच सांगा: कोणती गाडी, मागून की समोरून, नंबर दिसला असेल तर नंबर. नोंद एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायची केस) म्हणून करून घ्या. जखमीला बोलता येत नसेल तर सोबतच्या नातेवाइकानं हे सांगायचं. चुकीची ओळ पडलीच असेल तर फिर्यादीत ती का पडली हे स्पष्ट लिहून घ्यावं. फिर्याद द्यायला उशीर झाला म्हणूनही हातपाय गाळू नका. केवळ उशीर झाला एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये रवी विरुद्ध बद्रीनारायण या निकालात सांगितलंय. उशिराचं कारण मात्र पटण्यासारखं हवं.

जागेवरची मांडवली

गाडीवाला पाच हजार काढतो. चार माणसं मध्ये पडतात, "जाऊ द्या हो, मुद्दाम थोडंच मारलं!" सही होते, आणि हाड मोडल्याचं दुसऱ्या दिवशी एक्स-रेत कळतं. औषधाचे, रिक्षाचे पैसे कुणी देत असेल तर जरूर घ्यावेत. ‘माझी काही तक्रार नाही’ या कागदावर मात्र सही करू नये. गाडीवाल्याची दया येते, पण भरपाई बहुधा त्याच्या खिशातून जातच नाही. ती थर्ड पार्टी विम्यातून मिळते, आणि हा विमा सक्तीचा आहे तो याचसाठी. गाडीच्या नंबरावरून परिवहन खात्याच्या ॲपवर विमा चालू आहे का ते पाहता येतं. विमा संपलेला निघाला तरी दावा संपत नाही, तो मालकावर राहतो.

उपचाराच्या पैशांसाठी मांडवली करणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं: मे २०२५ पासून मोटार वाहनाच्या अपघातातल्या जखमीला ठरलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत रोखरहित उपचारांची केंद्राची योजना लागू आहे. मेडिक्लेम असेल तर तोही वापरा. त्याची रक्कम भरपाईतून कापली जाईल ही भीती मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं मार्च २०२५ मध्ये दूर केली आहे.

सायकल दुरुस्त करायची घाई

मागची रिम वाकलीय, पुढची शाबूत आहे. मागून धडक बसल्याचा यापेक्षा बोलका पुरावा कुठला? आणि आपण ती सायकल तिसऱ्या दिवशी दुकानात टाकतो! पंचनामा आणि फोटो होईपर्यंत तिला हात लावू नका. स्थळ पंचनाम्याची प्रत मिळवा आणि नीट वाचा. सायकल रस्त्याच्या मधोमध दाखवली असेल तर दाव्याचा मोठा हिस्सा तिथेच गेला म्हणून समजा. पेट्रोल पंप, मेडिकलवाला, बँक यांचे कॅमेरे शोधायला घरातलं कुणीतरी त्याच दिवशी पाठवा, कारण जुनं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. टपरीवाला बघत होता, तर त्याचं नाव आणि नंबर तेव्हाच घ्या.

हेल्मेट नव्हतं म्हणून चूक तुमचीच, असं विमा कंपनीनं म्हटलं तर घाबरू नका. मोटार वाहन कायद्यातली कलम १२९ ची सक्ती मोटारसायकलसाठी आहे, सायकलसाठी नाही. उलट दिशेनं चालवत असाल तर मात्र तुमच्या चुकीच्या प्रमाणात रक्कम कापली जाऊ शकते, आणि ते बरोबरच आहे.

‘बघू सावकाश’

१ एप्रिल २०२२ पासून नियम असा, की दावा दाखल करायला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. या तरतुदीला आव्हान मिळालंय, आणि केवळ मुदत उलटली म्हणून दावे फेटाळू नयेत असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. पण अंतरिम आदेशाच्या भरवशावर कुणी बसू नये. अपघात सोलापुरात झाला आणि तुम्ही साताऱ्यात राहत असाल, तर दावा साताऱ्यातही करता येतो.

घाईही नको. कलम १६४ खाली गंभीर दुखापतीला, म्हणजे हाड मोडलं तरी, कुणाची चूक ते सिद्ध न करता अडीच लाख मिळतात. पण ती रक्कम स्वीकारली की कलम १६६ खालचा, म्हणजे गाडीवाल्याची चूक दाखवून करायचा, मोठा दावा संपतो. लोकअदालतीतल्या तडजोडीवर अपील नसतं. पायात रॉड आहे, तो काढायचं ऑपरेशन बाकी आहे आणि आपण सही करून मोकळे, असं होऊ देऊ नका.

अपंगत्वाचा आकडा आणि उत्पन्न

इथे थोडं थांबून हिशेब पाहू. बत्तीस वर्षांचा पेपरवाला, महिन्याला १५,००० कमाई, गुडघा आता पुरता वाकत नाही. प्रमाणपत्रावर त्या पायाचं अपंगत्व समजा २० टक्के आहे. कोर्टाला हवा असतो वेगळा आकडा: या माणसाची कमाई किती घटली? हा फरक सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालानं पक्का केलाय. खुर्चीत बसून काम करणाऱ्याचा तोच गुडघा त्याच्या कमाईला फारसा आड येत नाही, पहाटे दीडशे जिने चढणाऱ्याचा येतो. त्याचं नुकसान ३० टक्के धरलं गेलं तर वर्षाचे १,८०,०००, भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवून २,५२,०००, त्याचे ३० टक्के ७५,६००, आणि वयानुसार गुणक १६, म्हणजे त्याला १६ नं गुणायचं. झाले १२,०९,६००. २० टक्केच धरले तर ८,०६,४००. चार लाखांचा फरक पडतो तो ‘तुम्ही नेमकं काय काम करता’ हे कुणी नीट मांडलं की नाही यावर. म्हणून एजन्सीचा दाखला, बँक पासबुक, ग्राहकांची वही, जे असेल ते जपा. उपचाराची बिलं, वेदना आणि बुडालेली मजुरी वेगळी.

वकील टक्केवारीवर घेऊ नका. निकालावर अवलंबून फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांतच बंदी आहे. आणि जनरल वॉर्डात खाटेजवळ येऊन कागद पुढे करणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा.

गाडी सापडलीच नाही, किंवा गाडी नव्हतीच

ठोकून पळालेली गाडी मिळाली नाही तर गंभीर जखमीला ५०,००० आणि मृत्यू झाल्यास वारसांना दोन लाख मिळतात. अर्ज तहसीलदार किंवा प्रांताधिकाऱ्याकडे करायचा. गाडी पुढे सापडली आणि भरपाई मिळाली तर हे पैसे परत करावे लागतात.

खड्ड्यात चाक अडकून पडलात तर मोटार अपघात न्यायाधिकरणाचा उपयोग नाही, कारण मोटारच नाही. अशा वेळी बहुतेक जण नशिबाला दोष देऊन घरी बसतात. मुंबई उच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास सहा लाख आणि जखमींना दुखापतीनुसार ५०,००० ते अडीच लाख रुपये देण्याचा आदेश दिला आहे. खड्ड्याचा फोटो मात्र त्याच दिवशी काढा. अपघाताची बातमी छापून आली की तो रातोरात बुजवला जातो.