वळूची वीर्य तपासणी: हंगामाच्या दोन-अडीच महिने आधी

गायी उलटायला लागल्या, म्हणजे भरवूनही गाभण न राहता पुन्हा माजावर येऊ लागल्या, की आपण खुराक बदलतो, खनिज मिश्रण वाढवतो, गर्भाशयात दोष शोधतो. वळूचा संशय येतो तो सगळ्यात शेवटी, आणि तोवर दोन-तीन माज वाया गेलेले असतात. गाय वांझ निघाली तर एक वासरू जाते. वळू अधू निघाला तर त्याच्यावर सोपवलेल्या पंचवीस-तीस गायींचे वर्ष वाया जाते.

उन्हाळा सरत आला की तपासणीचा विचार सुरू करा. वळूच्या अंडकोषात शुक्राणू तयार व्हायला साधारण 61 दिवस लागतात, पुढे अंडकोषालगतच्या नळीतून सरकत पक्व व्हायला आणखी 8 ते 11 दिवस. म्हणजे आज घेतलेल्या नमुन्याची घडण सुमारे 70 दिवसांपूर्वी सुरू झालेली असते. अंडकोषाला शरीरापेक्षा काही अंश कमी तापमान लागते. कडक ऊन, तिवा (तीन दिवसांचा ताप), खुराचा सुजलेला गळू, अंगात भरलेला ताप यातले काहीही शुक्राणूंना बाधते. पण ते लगेच दिसत नाही. वळू बरा होऊन चरायला लागतो आणि वीर्य त्यानंतर बिघडलेले दिसते. म्हणून एका वाईट अहवालावर वळू विकू नका. 60 दिवसांनी पुन्हा तपासा, मग ठरवा.

पशुवैद्यक आधी फितीने अंडकोषाचा घेर मोजतात. 15 महिन्यांच्या वळूला किमान 30 सेंमी आणि दोन वर्षांपुढे 34 सेंमी हा प्रचलित निकष आहे. वशिंडाच्या जाती उशिरा वयात येतात, त्यांना हा आकडा डोळे झाकून लावू नये. नमुन्यात किमान 30 टक्के शुक्राणू सरळ पुढे पोहणारे आणि 70 टक्के नीट आकाराचे हवेत. कृत्रिम रेतनासाठी गोठवलेल्या वीर्याच्या कांडीत वितळवल्यानंतर 50 टक्के हालचाल अपेक्षित असते.

हालचाल सगळ्यांच्या नजरेत भरते, पण मी अहवालात आधी आकाराचा रकाना वाचतो. शेपटी वाकडी असलेला शुक्राणू गायीच्या बीजापर्यंत पोहोचतच नाही. मात्रेत चांगले शुक्राणू पुरेसे असले की ही उणीव बरीचशी भरून निघते. डोक्यात किंवा आतल्या जनुकीय धाग्यात दोष असलेला मात्र पोहोचतो, बीजात शिरतो, आणि गर्भ काही दिवसांत मरतो. इथे संख्या वाढवून काही उपयोग नाही. अशा वेळी गाय 21 दिवसांनीच उलटेल असे नाही, कधी कधी त्याहून उशिरा माजावर येते. लांबलेले माज नोंदवहीत दिसले तर पशुवैद्यकांना जरूर दाखवा. लैंगिक संसर्गातही असेच होते आणि तो वीर्याच्या साध्या तपासणीत कळत नाही. संसर्गजन्य गर्भपातासह या रोगांची चाचणी वेगळी मागून घ्या.

आणखी खोलात जाणाऱ्या चाचण्याही आहेत. पातळ द्रावणात टाकल्यावर शेपटी वळली तर शुक्राणूचे आवरण शाबूत आहे असे समजायचे. रंगद्रव्य लावल्यावर मेलेले गुलाबी दिसतात. संगणक प्रत्येकाचा वेग मोजतो. छापील दशांशांना भुलू नका. एकाही चाचणीवरून किती गायी गाभण राहतील हे खात्रीने सांगता येत नाही, कारण शुक्राणूला पोहायचे, टिकायचे, बीज भेदायचे असते आणि चाचणी त्यातले एखादेच काम बघते. कुचकामी वळू बाजूला काढायला प्रयोगशाळा उत्तम. दोन चांगल्यांत सरस कोण, हे ठरवायला तिचा आधार तोकडा. पाय अधू असलेला किंवा माजावरच्या गायीकडे ढुंकून न पाहणारा वळू तर काचपट्टीवर अव्वल ठरूनही उपयोगाचा नाही.

नमुना बिघडवायचे काम मात्र आपल्याच हातून होते. थंड काचपट्टी, ओली नळी, उन्हात ठेवलेला डबा, लघवीचा थेंब यातले काहीही पुरते, आणि बिचारा वळू नापास होतो. नळी कोरडी व 37 अंशांच्या आसपास कोमट ठेवा. बरेच दिवस विश्रांती झालेल्या वळूच्या पहिल्या वीर्यात जुने, मेलेले शुक्राणू जास्त येतात. त्यामुळे दुसरा नमुनाही द्या. सोबत गेल्या अडीच महिन्यांतला ताप, लंगडणे, दिलेली औषधे आणि शेवटची गाय कधी भरवली ते लिहून पाठवा.