ईव्हीएम बनवणारी कंपनी कुणाच्या हातात आहे हे आपलं आपण कसं तपासायचं

निवडणूक झाली की एक मेसेज फिरतोच, मशीनची कंपनी अमुक नेत्याच्या जावयाची आहे म्हणून, आणि लगेच समोरून उत्तर येतं की हरले म्हणून रडताय. मला दोन्ही पटत नाही. मशीन कोण बनवतं, त्या कंपनीच्या बोर्डावर कोण बसतं, तिच्या लोकांचा पक्षाशी काही संबंध आहे का, हे विचारायचा मतदाराला पूर्ण हक्क आहे. पण आधी तपासा, मग विचारा, कारण एक खोटा फॉरवर्ड उघडा पडला की त्याच्याबरोबर खरा प्रश्नही मोडीत निघतो.

तर आधी कंपनी. आपल्याकडे ईव्हीएम आणि व्हीव्हीपॅट, म्हणजे मत कुणाला गेलं त्याची चिठ्ठी छापणारं यंत्र, दोनच कंपन्या बनवतात. बेंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स म्हणजे बेल, १९५४ साली सुरू झालेली, संरक्षण मंत्रालयाखाली येते, आणि हैदराबादची इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया म्हणजे ईसीआयएल, १९६७ ची, अणुऊर्जा विभागाखाली. कुणाच्या जावयाची यातली एकही नाही. ईसीआयएल पूर्ण सरकारी आहे. बेल मात्र शेअर बाजारात लिस्टेड आहे, सरकारचा वाटा ५१ टक्क्यांच्या किंचित वर, बाकी म्युच्युअल फंड, विदेशी गुंतवणूकदार आणि तुमच्याआमच्यासारखे लोक. हे माझ्यावर विश्वास ठेवून मानू नका, बीएसई किंवा एनएसईच्या साइटवर जा, भारत इलेक्ट्रॉनिक्स शोधा आणि शेअरहोल्डिंग पॅटर्न उघडा, दर तीन महिन्यांनी नवीन आकडे टाकावेच लागतात. ईसीआयएल लिस्टेड नाही, तिच्यासाठी कंपनीच्या साइटवरचा वार्षिक अहवाल बघा.

मालक कळला म्हणजे काम संपलं असं बरेच जण समजतात, पण मालक सरकार आहे याचा अर्थ जो पक्ष सत्तेत त्याचे मंत्री नेमणुका करणार, आणि खरा प्रश्न इथेच सुरू होतो. वार्षिक अहवालात संचालकांची यादी असते, ती काढा. त्यात तीन प्रकारचे लोक दिसतील: कंपनीतूनच वर आलेले, मंत्रालयाचे अधिकारी, आणि स्वतंत्र संचालक, म्हणजे बाहेरून नेमलेले. पहिले दोन बाजूला ठेवा, तिसऱ्या गटातल्या एकेका नावाचा शोध घ्या. जुन्या बातम्या, पक्षाच्या पदाधिकाऱ्यांच्या याद्या, त्या माणसाचे स्वतःचे सोशल मीडियावरचे फोटो, आणि कधी निवडणूक लढवली असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र, एवढ्यात बहुतेक चित्र स्पष्ट होतं. केंद्रात सचिव राहिलेल्या ई. ए. एस. सरमा यांनी जानेवारी २०२४ मध्ये निवडणूक आयोगाला पत्र लिहिलं होतं की बेलच्या स्वतंत्र संचालकांपैकी किमान चार जण भाजपशी संबंधित आहेत, त्यातले एक तर राजकोट जिल्ह्यातले पक्षाचे पदाधिकारी. हे त्यांनी काही गुप्त कागद चोरून काढलं नव्हतं, उघड माहितीच वाचली होती.

आता इथे घाई करू नका. स्वतंत्र संचालक बोर्डाच्या मीटिंगला बसतो, मशीनमध्ये प्रोग्रॅम टाकत नाही, त्यामुळे "बोर्डावर पक्षाचा माणूस आहे" इथून "मत फिरवलं" इथपर्यंत थेट उडी मारता येत नाही. तरीपण माझं मत ठाम आहे की ज्या कंपनीच्या मशीनवर सगळे पक्ष निवडणूक लढवतात तिच्या बोर्डावर कुठल्याही पक्षाचा पदाधिकारी नसावा, आज हा पक्ष असेल उद्या दुसरा, नियम सगळ्यांना एकच पाहिजे.

देणगीचा मेसेज आला तर तो पाच मिनिटांत निकाली निघतो. २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १८२ वाचा, सरकारी कंपनीला राजकीय पक्षाला पैसे देताच येत नाहीत. तेव्हा "बेलनं अमुक पक्षाला कोटी दिले" असं कुणी पाठवलं तर पुरावा मागा.

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांसाठी सांगतो, तिकडे प्रकरण वेगळं आहे कारण तिथे मशीन खाजगी कंपन्या बनवतात. २००३ मध्ये डायबोल्ड कंपनीचे प्रमुख वॉल्डन ओडेल यांनी रिपब्लिकन पक्षासाठी निधी मागणाऱ्या पत्रात लिहिलं की ओहायोची मतं राष्ट्राध्यक्षांना मिळवून द्यायला आपण बांधील आहोत, आणि त्याच वेळी त्यांची कंपनी ओहायोत मशीन विकायच्या प्रयत्नात होती. असा लेखी पुरावा हाती असेल तर शंका घ्यायलाच हवी. उलट २०२० नंतर डॉमिनियन कंपनीवर पुराव्याशिवाय आरोप झाले आणि ते दाखवणाऱ्या फॉक्स न्यूजला डॉमिनियनच्या दाव्यात एप्रिल २०२३ मध्ये ७८ कोटी ७५ लाख डॉलर द्यायचं मान्य करून तडजोड करावी लागली. २०२५ मध्ये तीच डॉमिनियन स्कॉट लीएंडेकर यांनी विकत घेतली, म्हणजे सेंट लुइसमध्ये निवडणूक अधिकारी राहिलेल्या रिपब्लिकन माणसानं, आणि नाव लिबर्टी व्होट ठेवलं. तिकडे राहत असाल तर आपल्या काउंटीत कुठल्या कंपनीचं मशीन आहे आणि मतदानाचा कागद ठेवतात का, हे काउंटीच्या निवडणूक ऑफिसात विचारा.

परत आपल्याकडे. जे वाचून कळत नाही ते आरटीआयनं मागा. केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवर १० रुपये फी, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ, उत्तर ३० दिवसांत यायला हवं, नाही आलं तर पहिलं अपील. "ईव्हीएममध्ये घोटाळा झाला का" असं विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही, कागद मागा. स्वतंत्र संचालकांच्या नेमणुकीचे आदेश, निवडीच्या वेळी त्यांनी दिलेली माहिती, आणि आपल्या जिल्ह्यात निवडणुकीआधी होणाऱ्या मशीनच्या पहिल्या तपासणीला आलेले इंजिनीअर कंपनीच्या कायम नोकरीतले होते का कंत्राटावरचे, कंत्राटावरचे असतील तर कुठल्या एजन्सीकडून आले. हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो कारण मशीनला प्रत्यक्ष हात हे लोक लावतात, संचालक नाही. सोर्स कोड मागितलात तर व्यापारी गुपित म्हणून नकार यायचीच शक्यता जास्त.

आणि आता मुद्द्याचं बोलू. कंपनी कुणाचीही असो, मशीनवर आंधळा विश्वास ठेवायची वेळच येऊ नये म्हणून काही कागद आणि काही संधी नियमातच दिल्यात, पण त्या वापरायला माणूस लागतो, म्हणून पक्षाचा किंवा अपक्षाचा पोलिंग एजंट व्हा. पहिल्या तपासणीला पक्षांचे प्रतिनिधी बोलावतात, कितीतरी ठिकाणी कुणी फिरकत नाही, तिथे जा. मशीनचं वाटप रँडम पद्धतीनं झालं की नंबरांची यादी उमेदवाराला देतात, आपल्या बूथचे नंबर लिहून ठेवा. मतदानाच्या दिवशी सुरुवातीच्या ९० मिनिटं आधी मॉक पोल असतो, किमान ५० मतं टाकतात, कंट्रोल युनिटचा, म्हणजे मतं साठवणाऱ्या भागाचा आकडा आणि व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या जुळवतात, मग सगळं क्लिअर करतात. क्लिअर झालेलं स्वतः बघितल्याशिवाय सही करू नका. संध्याकाळी मतदान संपल्यावर फॉर्म १७ सी ची प्रत घेतल्याशिवाय बूथ सोडू नका, केंद्राध्यक्षानं ती एजंटला द्यायचीच असते, त्यात मशीनचे नंबर आणि एकूण किती मतं पडली ते असतं. मोजणीच्या टेबलावर नंबर, सील आणि एकूण मतं याच कागदाशी जुळवायची, जुळलं नाही तर तिथल्या तिथे लेखी हरकत.

निकालानंतर बूथवार मतांचा फॉर्म २० मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या साइटवर येतो, तोही १७ सी शी ताडून बघा. डिसेंबर २०२४ मध्ये माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीच्या लोकांनी बॅलेटवर परत मतदान घ्यायचं ठरवलं आणि प्रशासनानं ते होऊ दिलं नाही, गावाची तळमळ मला समजते, पण कायद्यात टिकेल असा पुरावा अशा मतदानातून मिळाला नसता, तो या कागदांतून मिळतो.

मशीनच तपासून घ्यायचं असेल तर सर्वोच्च न्यायालयानं २६ एप्रिल २०२४ च्या निकालात वाट ठेवलीय. दुसऱ्या आणि तिसऱ्या नंबरचा उमेदवार निकालानंतर ७ दिवसांत लेखी अर्ज करून विधानसभा क्षेत्रातल्या ५ टक्के मशीनची तपासणी मागू शकतो, खर्च त्याचा, छेडछाड निघाली तर परत. जून २०२४ मध्ये हा खर्च एका सेटला ४० हजार आणि वर जीएसटी असा ठरला होता. तपासणार कोण तर ज्या कंपनीनं मशीन बनवलं तिचेच इंजिनीअर. बोर्डावरच्या नेमणुकांचा प्रश्न म्हणूनच हवेतला नाही, बनवणारी आणि तपासणारी एकच कंपनी असेल तर तिच्यावर कुणाचा हात आहे हे विचारलंच पाहिजे, आणि बाहेरच्या तज्ज्ञांची मागणी आपण सगळ्या पक्षांच्या लोकांनी मिळून लावून धरली पाहिजे.

व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजायला हव्या असतील तर निवडणूक संचालन नियम १९६१ मधल्या नियम ५६ डी खाली अर्ज, आकडे वाचून दाखवल्यावर आणि निकाल घोषित व्हायच्या आत, म्हणून टाइप केलेला अर्ज मोजणीला जातानाच खिशात ठेवा. निवडणूक याचिकेची मुदत ४५ दिवस, ती हायकोर्टात. महापालिका आणि झेडपीचं मतदान राज्य निवडणूक आयोग घेतो, तिथे व्हीव्हीपॅट नसतं, त्यामुळे चिठ्ठ्यांचा मार्गच नाही, तिथे मॉक पोल, मशीनचे नंबर आणि मतांच्या हिशेबाची सही असलेली प्रत यावरच सगळं, आणि आरटीआय सुद्धा त्याच आयोगाकडे टाकायचा.