अमेरिकन मानक संस्था करमुक्त, पण कोणत्या कलमाखाली? : माझा अनुभव

लोटे-परशुरामचे वेल्डिंग निरीक्षक ज्या अमेरिकन मानक संस्थेची वर्गणी भरतात, ती आयआरएसच्या (अमेरिकेच्या आयकर खात्याच्या) यादीत सापडेना. तिच्या संकेतस्थळावर नुसतं ‘ना-नफा’. डोकं फिरायची वेळ आली.

नावाने शोधू नका. स्पेलिंग किंवा संक्षेप जरा बदलला की निकाल शून्य. बिलावरचा किंवा डब्ल्यू-९ या कर-माहितीच्या फॉर्मवरचा नऊ अंकी ईआयएन (संस्थेचा कर ओळख क्रमांक) घ्या. मग आयआरएसच्या संकेतस्थळावरच्या ‘टॅक्स एक्झम्प्ट ऑर्गनायझेशन सर्च’मध्ये ‘पब्लिकेशन ७८’ ही यादी सोडून फॉर्म ९९०च्या (करमुक्त संस्थांच्या वार्षिक विवरणपत्राच्या) प्रती निवडा. ७८ मध्ये वजावटपात्र देणग्या घेणाऱ्याच संस्था असतात. ५०१(सी)(६) खालच्या व्यावसायिक संघटना तिथे येत नाहीत, अडत होतं ते इथेच.

९९०च्या पहिल्या पानावर ‘आय’ ओळीतली खूण पाहा: ५०१(सी)(३), म्हणजे धर्मादाय-शैक्षणिक संस्था, की ५०१(सी) पुढच्या कंसात ६. करमुक्तीची २०१४ पासूनची मंजुरीपत्रंही त्याच ‘सर्च’मध्ये मिळतात. दोन्हींपैकी काहीही निघालं तरी आपल्याकडे ८०जी (देणगीवरची आयकर वजावट) लागू होत नाही.