जंबो गेलं, मग आता एएमई करायचं का?

कुर्ला-अंधेरी पट्ट्यातली ओळखीची पोरं भेटली की हमखास विचारतात, काका मोठी विमानं बंद होतायत, मग एएमई, म्हणजे विमानाच्या देखभालीचं इंजिनिअरिंग, करण्यात राम आहे का? आहे की. फक्त एकाच विमानावर जीव टाकू नका, मी टाकला होता बोइंग ७४७वर, म्हणजे जंबोवर.

रात्री सहार विमानतळावर जंबो लागलं की धावपळ. चार इंजिनं, अठरा टायर. इंजिन बंद झाल्यावर ऑइल ठरलेल्या वेळातच बघायचं असतं, दोन इंजिनांना ते निवांत जमतं, चारांना पळापळ, त्यात एक नंबर आणि चार नंबर पार पंखाच्या टोकाकडे आणि जुलैचा पाऊस. वारा असला की इंजिनाचा पुढचा फॅन आपोआप फिरायचा, ब्लेडचा खट्खट् आवाज, नवीन पोरगं दचकायचंच. हजच्या फ्लाइटला जेद्दाला जाताना कॉकपिटात मागे बसलो होतो, जंबोचं नोजव्हील, म्हणजे पुढचं चाक, पायलटच्या मागे असतं ना, म्हणून कॅप्टन वळणाची पिवळी लाइन आधी मागे टाकतो आणि मग टिलर, म्हणजे ते चाक वळवायचं हँडल, फिरवतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, गेलो आता गवतात!

ही मोठी विमानं बंद का पडली? डिझेल-पेट्रोलचं कळतं तसंच आहे, चार इंजिनं पाजायला परवडत नाहीत. पूर्वी समुद्रावरून लांब जायला तीन-चार इंजिनं लागायची, मग ईटॉप्सने, म्हणजे विमानतळापासून किती लांब जाता येईल त्याच्या नियमाने, दोन इंजिनवाल्यांना परवानगी मिळत गेली आणि बोइंग ७७७ने जंबोचे रूट खाल्ले. एअरबसच्या चार इंजिनांच्या ए३८०चं प्रॉडक्शन २०२१ला संपलं, जेमतेम २५१ विमानं. ७४७ १,५७४ झाली, शेवटचं जानेवारी २०२३ला दिलं, तेही कार्गोवाल्यांना. एअर इंडियाचं जंबो २२ एप्रिल २०२४ला मुंबईहून अमेरिकेला गेलं, टेकऑफनंतर पंख हलवून. व्हिडिओ मी अजून पूर्ण बघितलेला नाही, असो.

आता तुमचं. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स हवं. लायसन्समध्ये बी१ म्हणजे इंजिन-मेकॅनिकल, बी२ म्हणजे एव्हिऑनिक्स, विमानातलं इलेक्ट्रॉनिक्स. डीजीसीएच्या, म्हणजे सरकारी विमान-नियामकाच्या, मॉड्यूलच्या पेपरला ७५ टक्के लागतात, घोकंपट्टीवर एखादा निघेल, सगळे नाही. आणि नुसतं लायसन्स हातात आलं म्हणून मोठं विमान उडायला ठीक आहे अशी सही करता येत नाही, त्या विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे त्या मॉडेलपुरती परवानगी, वेगळं. ते विमान गेलं की रेटिंग कपाटात, पण बेसिक पक्कं असेल तर पुढचं जमतं. बोइंग ७८७ आलं तेव्हा केबिनची हवा इंजिनातून न घेता इलेक्ट्रिक कॉम्प्रेसरने येते हे बघून आमच्यातले बरेच गांगरले, ज्यांना जंबोची न्यूमॅटिक, म्हणजे इंजिनातून हवा घेणारी, सिस्टिम मुळापासून कळली होती ते आठवड्याभरात रुळले.

फी भरायच्या आधी इन्स्टिट्यूटला सीएआर-१४७ची, म्हणजे एएमई शिकवायची, मान्यता चालू आहे का ते डीजीसीएच्या साइटवर स्वतः बघा, ब्रोशरवर जाऊ नका, आणि प्रॅक्टिकलला खऱ्या विमानावर किती हात लागतो ते सीनियर पोरांना गेटबाहेर गाठून विचारा, ऑफिसात नको.