फेरेटचे दोन हट्टी आजार: ॲड्रिनल आणि इन्शुलिनोमा घरी कसे सांभाळावेत

अमेरिकेत कॅलिफोर्निया आणि हवाई सोडले तर बहुतेक राज्यांत फेरेट पाळता येतो, आणि मुलांच्या हट्टापायी तो काही मराठी घरांतही येऊन राहिला आहे. भारतातून आलेल्या पाहुण्यांना तो मुंगूसच वाटतो. खरं तर तो पाणमांजराच्या कुळातला, पक्का मांसाहारी प्राणी. पहिली तीनेक वर्षं घरभर धुडगूस घालतो, मोजे पळवतो, सोफ्याखाली साठा करतो. मग कधीतरी शेपटीचे केस विरळ होतात, किंवा चालता चालता मागचे पाय लटपटतात, आणि घरातलं कोणीतरी म्हणतं, "वय झालं आता त्याचं."

चार वर्षांच्या फेरेटचं वय झालेलं नसतं. नीट सांभाळलेला फेरेट सहा ते आठ वर्षं जगतो. मधल्या वयात दिसणाऱ्या या खुणांमागे बहुतेक वेळा दोनपैकी एक आजार असतो: ॲड्रिनल ग्रंथीचा विकार किंवा इन्शुलिनोमा. दोन्ही एकाच वेळी असणंही मुळीच दुर्मीळ नाही. हे आजार मुळापासून बरे होतातच असं नाही, पण वेळेवर ओळखले तर फेरेट पुढचा बराच काळ खातो, खेळतो, आनंदात राहतो. त्यातलं निम्मं काम दवाखान्यात होतं, निम्मं तुमच्या हातून.

सगळ्यात आधी: साखर उतरून फिट आली तर

हे पहिल्यांदा लिहिते आहे, कारण कुणी घाबरून हाच मजकूर शोधत आलं असेल.

इन्शुलिनोमा म्हणजे स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या पेशींची गाठ. ती गरज नसतानाही इन्शुलिन सोडत राहते आणि रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येते. मधुमेहाच्या बरोबर उलटा प्रकार. फेरेट एका जागी थिजल्यासारखा बसतो, नजर समोर पण कशावरच नाही. तोंडातून लाळ गळते, पुढच्या पंजांनी तो तोंड ओरबाडतो, जणू टाळूला काही चिकटलंय. मागचे पाय फाकतात. याच्या पुढची पायरी म्हणजे झटके किंवा बेशुद्धी.

अशा वेळी मध किंवा कॉर्न सिरप घ्या. नसेल तर साखरेचा घट्ट पाक चालेल. कापसाच्या काडीवर थोडासा घेऊन हिरड्यांना बाहेरच्या बाजूने चोळा. बोट दातांमध्ये घालू नका. झटक्यात जबडा मिटला तर चावा खोल बसतो. शुद्धीत नसलेल्या फेरेटच्या तोंडात सिरिंजने काहीही ओतू नका, ते फुप्फुसात जातं. अंगाभोवती टॉवेल गुंडाळून ऊब द्या. बहुतेक वेळा काही मिनिटांत तो सावरतो.

सावरला की लगेच मांसाहारी खाणं द्या: पातळ केलेलं चिकन, नाहीतर कांदा-लसूण नसलेलं चिकनचं बेबी फूड. ही पायरी चुकवू नका. नुसत्या मधाने साखर चढते, ती चढलेली पाहून गाठ आणखी इन्शुलिन सोडते आणि थोड्या वेळाने पहिल्यापेक्षा वाईट अवस्था येते. साखर फक्त दार उघडण्यापुरती, आधार प्रथिनांचाच. त्यानंतर फेरेट कितीही ठणठणीत दिसला तरी पशुवैद्यांना त्याच दिवशी फोन करा. झटके थांबतच नसतील तर मध चोळत चोळतच आपत्कालीन दवाखाना गाठा.

एक खुलासा. निरोगी फेरेटही कधी कधी इतका गाढ झोपतो की उचलला तरी मान टाकलेलीच. अंग गरम आणि हिरड्या गुलाबी असतील, आणि दोन-चार मिनिटांत तो जांभई देत उठला, तर काळजीचं कारण नाही. शंका वाटली तर मात्र हिरड्यांना मध लावा. एका वेळच्या बोटभर मधाने नुकसान होत नाही. वाट पाहण्याने होऊ शकतं.

चिन्हं वेगळी काढा

ॲड्रिनलचा आजार सहसा शेपटीपासून सुरू होतो. तिथले केस जातात, मग पुठ्ठ्यावरचे, मग दोन्ही कुशींवरचे, आणि तेही सारख्याच प्रमाणात. काही फेरेटांच्या शेपटीचे केस ऋतुमानाप्रमाणे झडून पुन्हा येतात, म्हणून एवढ्यावरून निष्कर्ष काढू नका. पण सोबत खाज, कागदासारखी पातळ कातडी, सुटलेलं पोट, पुन्हा वाढलेला उग्र वास, सोबतच्या फेरेटची मान धरून ओढणं असं काही दिसलं तर संशय पक्का धरा. नसबंदी झालेल्या मादीचा योनिभाग सुजणं ही तर ठळक खूण. नरामध्ये प्रोस्टेट फुगून लघवीचा मार्ग दाबला जातो. नर फेरेट लघवीसाठी कुंथतोय आणि थेंबही येत नाही, असं दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. ही काही तासांची लढाई असते.

कारण समजून घेतलं की उपचारांचा अर्थ लागतो. अमेरिकेतल्या दुकानांत मिळणाऱ्या बहुतेक फेरेटांची नसबंदी अगदी पिल्लू असताना, साधारण सहा आठवड्यांची असतानाच झालेली असते. जननग्रंथी काढल्यामुळे मेंदूला 'पुरे झालं' हा निरोप मिळणं बंद होतं, मेंदू संदेश पाठवत राहतो, आणि ते संदेश मूत्रपिंडाशेजारच्या ॲड्रिनल ग्रंथी ऐकतात. वर्षानुवर्षं चेतवल्या गेल्यामुळे त्या वाढतात आणि लैंगिक हार्मोन सोडू लागतात. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २००० साली दाखवून दिलं की नसबंदीचं वय आणि आजार सुरू होण्याचं वय यांत थेट नातं आहे.

पण यावरून नसबंदी टाळावी, असा अर्थ काढू नका. माजावर आलेली मादी मीलन झालं नाही तर माजातच अडकून राहते, आणि सततच्या इस्ट्रोजेनमुळे हाडांतला मगज निकामी होऊन जीवघेणा रक्तक्षय होतो. म्हणूनच युरोपात अनेक ठिकाणी शस्त्रक्रियेऐवजी हार्मोन दाबणारं इम्प्लांट वापरतात.

दवाखाना आणि तपासण्या

कुत्र्यामांजरांचा प्रत्येक डॉक्टर फेरेट पाहतोच असं नाही. फोन करूनच विचारा: तुमच्याकडे फेरेट नियमित येतात का? ॲड्रिनलची शस्त्रक्रिया कोण करतं? असोसिएशन ऑफ एक्झॉटिक मॅमल व्हेटरिनेरियन्स या संघटनेकडे अशा डॉक्टरांची यादी मिळते.

ॲड्रिनलसाठी सोनोग्राफी आणि लैंगिक हार्मोनांची रक्ततपासणी करतात, पण खुणा स्पष्ट असतील तर अनेक डॉक्टर त्यांवरच उपचार सुरू करतात. इन्शुलिनोमासाठी उपाशीपोटी साखर पाहतात. हा उपास तीन-चार तासांचाच, आणि शक्यतो दवाखान्यात देखरेखीखाली. रात्रभर उपाशी ठेवून नेणं धोक्याचं आहे. निरोगी फेरेटची उपाशीपोटी साखर साधारण ९० ते १२५ (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) असते. ६०च्या खाली आणि सोबत लक्षणं असली तर निदान जवळजवळ पक्कं. आई-बाबांचं साखर मोजायचं यंत्र बऱ्याच घरांत असतं, पण माणसांच्या यंत्रावर फेरेटची साखर प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते. त्या आकड्यावरून औषधाची मात्रा बदलू नका.

ॲड्रिनलचे उपचार निवडताना

दोन रस्ते आहेत. शस्त्रक्रियेत वाढलेली ग्रंथी काढून टाकतात. डावी ग्रंथी काढणं तुलनेनं सोपं. उजवी मुख्य शिरेला अगदी चिकटून असते, त्यामुळे अनुभवी हात हवा. पोट उघडलंच आहे तर डॉक्टर स्वादुपिंडही तपासून तिथल्या गाठी काढू शकतात, हा मोठा फायदा. पुढे दुसऱ्या बाजूची ग्रंथी वाढू शकते, हेही लक्षात ठेवा.

दुसरा रस्ता म्हणजे डेस्लोरेलिन इम्प्लांट. तांदळाच्या दाण्याहून जरा मोठी कांडी दोन खांद्यांच्या मधल्या कातडीखाली बसवतात. अमेरिकेत ४.७ मिलिग्रॅमचं 'सुप्रेलोरिन एफ' २०१२ साली फेरेटच्या याच आजारासाठी कायदेशीरपणे उपलब्ध झालं. सुरुवातीला काही दिवस लक्षणं थोडी वाढल्यासारखी वाटू शकतात. दोनेक आठवड्यांत सूज आणि खाज उतरते, महिना-दीड महिन्यात केस यायला लागतात. परिणाम साधारण वर्षभर टिकतो, काहींमध्ये त्याहून जास्त. ते मिळत नसेल तर ल्युप्रोलाइडचं इंजेक्शन दर महिन्याला देतात. यांतलं कोणतंही औषध गाठ विरघळवत नाही, हार्मोनांचा पूर थोपवतं. त्यामुळे केस परत आले म्हणून पुढची तारीख विसरू नका. माझं मत विचाराल तर तरुण, सुदृढ फेरेटसाठी शस्त्रक्रियेचा विचार जरूर करावा. वय जास्त असेल किंवा इन्शुलिनोमाही असेल तर इम्प्लांटमध्ये त्याला कमी सोसावं लागतं.

घरी एक गोष्ट फुकट करता येते: अंधार. दिवस मोठा झाला की फेरेटच्या शरीराला प्रजननाचा ऋतू आल्यासारखं वाटतं. आपल्याकडे रात्री अकरापर्यंत दिवे आणि टीव्ही चालू असतो. पिंजरा शांत खोलीत ठेवा आणि संध्याकाळनंतर हवा खेळेल अशी गडद चादर टाका. याने आजार बरा होत नाही, पण ग्रंथींना निष्कारण चेतवणं थांबतं.

इन्शुलिनोमाचं औषध

इथेही गाठी काढता येतात. त्या क्वचितच दूर पसरतात, पण डोळ्यांना न दिसणारे दाणे मागे राहतात म्हणून आजार बहुधा परततो. औषधांत पहिलं प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड. ते शरीराला साखर तयार करायला लावतं. त्याने भागेनासं झालं की डायझॉक्साइड जोडतात, ते इन्शुलिन सुटणंच कमी करतं. आजार पुढे सरकतो तशी मात्रा वाढते. ते तुमचं अपयश नव्हे.

दोन्ही औषधं सहसा बारा-बारा तासांनी आणि खाण्याबरोबर द्यायची. प्रेडनिसोलोन कधीही एकाएकी बंद करायचं नाही. मुलांच्या पातळ औषधात साखर, अल्कोहोल किंवा झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) असू शकतं, म्हणून फेरेटसाठी औषध बनवून देणाऱ्या फार्मसीकडून ते घ्या. चव अत्यंत कडू असते. आमची चिंगी पहिल्या थेंबालाच मान फिरवायची. तिला टॉवेलमध्ये गुंडाळायचं, बशीत सामन माशाच्या तेलाचे दोन थेंब ठेवायचे, ती चाटायला लागली की सिरिंजचं टोक तोंडाच्या कोपऱ्यातून गालाकडे सरकवायचं, आणि थोडं थोडं सोडायचं. लगेच पुन्हा तेल. घाई केली की सगळं अंगावर.

खाणं

फेरेटच्या पोटातून अन्न तीन-चार तासांत पुढे जातं, म्हणून वाटी कधीही रिकामी नको, रात्रीसुद्धा. खाद्यात प्राणिज प्रथिनं किमान ३५ ते ४० टक्के आणि स्निग्धांश २० टक्क्यांच्या आसपास हवेत. वेष्टनावर मका, तांदूळ किंवा वाटाणा वरच्या क्रमांकांवर दिसला तर ते नको. मरगळलेल्या दिवशी कोरडे दाणे कोमट पाण्यात भिजवून चिकनबरोबर वाटा आणि बोटावर चाटवा.

आपल्या घरांत खरी पंचाईत मायेची होते. भारतातून आलेली आजी त्याला बेदाणा देते, शिऱ्याचा घास देते, दुधात कुस्करलेली पोळी देते, आणि तो आवडीने खातो. इन्शुलिनोमा असलेल्या फेरेटला हा घास थेट त्रास देतो: साखर चढते, इन्शुलिन उसळतं, साखर कोसळते. आजीला "देऊ नका" म्हणण्यापेक्षा उकडलेल्या चिकनच्या बारीक तुकड्यांची डबी तिच्या हाती द्या. लाड होतात आणि पथ्यही पाळलं जातं. दिवाळीत फराळाची ताटं मात्र त्याच्या उडीच्या टप्प्याबाहेर ठेवा.

रोजचं घर आणि पुढचे निर्णय

स्वयंपाकघरातल्या काट्यावर दर आठवड्याला वजन करा आणि ग्रॅममध्ये लिहा. एक किलोच्या प्राण्यात पन्नास-साठ ग्रॅमची घट डोळ्यांना दिसत नाही, कागदावर दिसते. पाय लटपटत असतील तर उंच झोळी काढून अंथरूण तळाला आणा, शी-शूच्या ट्रेची पुढची कड कापून बुटकी करा.

औषधांची मात्रा वाढवूनही झटके थांबत नाहीत, तो खाणं नाकारतो, दिवसभरात उठून चार पावलंही टाकत नाही, अशी वेळ येऊ शकते. त्याला वेदनेशिवाय निरोप देण्याबद्दल पशुवैद्यांशी आधीच, शांत दिवशी बोलून ठेवा. मध्यरात्री, झटका चालू असताना तो निर्णय नीट घेता येत नाही.

आणि भारताची सुट्टी. महिनाभर जाणार असाल तर औषध सुरू असलेला फेरेट शेजाऱ्यांकडे नुसता सोपवू नका. फेरेट पाहणाऱ्या दवाखान्यातच राहायची सोय आहे का विचारा. नसेल तर सांभाळणाऱ्याला निघण्याच्या बऱ्याच आधी बोलावून तुमच्यासमोर दोन-तीन वेळा औषध देऊ द्या. फ्रिजवर कागद लावा: औषधांच्या वेळा आणि मात्रा, खाण्याचा ब्रँड, शेवटचं वजन, दवाखान्याचा आणि रात्रीच्या आपत्कालीन दवाखान्याचा नंबर, खर्चाची मंजुरी तुमच्या सहीने. मधाची बाटली आणि कापसाच्या काड्या पिंजऱ्याशेजारीच ठेवा.